नाकाबंदी गाडीची की आडनावाची?

माझा भाचा पोलिस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर धावतो, दुपारी एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री अभ्यासिकेत बसतो. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आपल्या समाजाची शेकडो पोरे असेच आयुष्य जगतात, त्यातलाच हा एक. मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास तो अभ्यासिकेतून घरी निघाला. चौकात नाकाबंदी होती. बॅटरीचा झोत आला, शिट्टी वाजली, "गाडी साइडला घे!"

त्याने गाडी साइडला घेतली. हेल्मेट डोक्यावर होते. लायसन आणि आरसी मोबाइलमध्ये होती, ती त्याने दाखवली. "मोबाइलमधलं चालत नाही," असे उत्तर मिळाले. पीयूसीची मुदत बारा दिवसांपूर्वी संपली होती. ही त्याची चूक होती आणि तिचा रीतसर दंड व्हायला हवा होता, तो भरायलाही तो तयार होता. पण पावती फाडायची सोडून त्या हवालदाराने गाडीची चावी काढून खिशात टाकली. मग त्याचे लक्ष मागच्या मडगार्डवरच्या निळ्या स्टिकरकडे गेले. त्यावर 'जय भीम' असे दोनच शब्द होते. तिथून प्रश्नांची दिशा बदलली. आडनाव काय? राहतो कुठे? वस्तीचे नाव काय? काय करतोस? पोराने प्रामाणिकपणे सांगितले, भरतीचा अभ्यास करतो. हवालदार हसला. "भरती करतोस व्हय? सरकारी कामात अडथळा लावला की झाली तुझी भरती."

त्याच्याआधी थांबवलेली दोन पोरे एक फोन लावून पाच मिनिटांत निघून गेली होती. एकाच्या डोक्यावर हेल्मेटही नव्हते. माझ्या भाच्याने फोन लावला तो मला. आणि मी, जो या पानावर संविधानावर लिहितो, सभेत माइक हातात घेऊन अधिकार समजावून सांगतो, त्या मी त्याला काय सांगितले? "पाचशे दे आणि ये घरी." त्याने पाचशे दिले. पावती मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर जाण्याआधी त्याने दाढीच्या पात्याने तो स्टिकर खरवडून काढला. मी विचारले तर एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही लेख लिहा. मला भरती व्हायचंय."

त्या एका वाक्याने मला हा लेख लिहायला बसवले आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी, १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाला होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, स्वतः बैल हाकायच्या अटीवर गाडी मिळाली. रात्री ही तहानलेली मुले जकातीच्या नाक्यावर आली. नाकेदार हिंदू आहे, महार म्हटले की पाणी देणार नाही, म्हणून आपण मुसलमान असल्याचे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. त्या मुलाने तसे सांगितले, उर्दूत बोलला, तरीही पाणी मिळाले नाही. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्याच लेखनात १९२९ सालच्या चाळीसगावचाही प्रसंग आहे. टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला, मोरीवर चाक अडकले आणि बाबासाहेब दगडी रस्त्यावर फेकले गेले. पाय मोडला. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचा सभासद असलेला बॅरिस्टर रस्त्यावर जखमी पडला तो जातीमुळे.

म्हणून रस्ता आपल्यासाठी कधीच नुसता रस्ता नव्हता. नाक्यावर उभ्या असलेल्या अधिकारी माणसाने विचारलेला 'तू कोण?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की १९०१ साली त्या मुलाच्या खिशात संविधान नव्हते आणि आज माझ्या भाच्याच्या खिशात ते आहे. तरीही सव्वाशे वर्षांनी आपले पोर नाक्यावर ओळख लपवायला शिकत असेल, तर दोष कुठे आहे हे तपासायला नको का?

आधी एक गैरसमज दूर करू. वाहतुकीचे नियम हे कोणा एका जातीविरुद्धचे कारस्थान नाही. अपघातात मरणाऱ्यांत दुचाकीवाले आणि पायी चालणारे मोठ्या संख्येने असतात आणि ते बहुतेक आपल्याच घरचे, कष्टकऱ्यांचे असतात. हेल्मेट, लायसन, विमा आणि पीयूसी या गोष्टी पाळल्याच पाहिजेत. नंबरप्लेटवर आकड्यांऐवजी घोषणा लिहिणे हा नियमभंग आहे, मग घोषणा 'जय भीम' असो की आणखी कोणती. नाक्यावर उभा असलेला शिपाईदेखील उन्हातान्हात, धुरात बारा-बारा तास राबणारा कष्टकरीच असतो आणि त्यातले कित्येक आपल्याच वस्त्यांतून गेलेले आहेत. तेव्हा भांडण गणवेशाशी नाही. गणवेश अंगावर चढला की कायदा आपल्या खिशात आला असे जे समजले जाते, त्या समजुतीशी भांडण आहे.

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १३० सांगते की सार्वजनिक ठिकाणी गणवेशातील पोलिसाने मागितल्यास चालकाने लायसन दाखवले पाहिजे. हे आपले कर्तव्य आहे. पण 'गणवेशातील' हा शब्द कायद्याने मुद्दाम घातला आहे. साध्या कपड्यातल्या कोणीही माणसाने, चौकात उभ्या असलेल्या एखाद्या मदतनिसाने कागद मागावेत आणि आपण ते मुकाट्याने त्याच्या हाती द्यावेत, असे कायदा म्हणत नाही. कलम १५८ विमा, नोंदणी वगैरे कागदांबाबत हेच सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार कागद मोबाइलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. ही दुरुस्ती २०१८ सालची आहे. ऑक्टोबर २०२० पासून तर पोर्टलवर पडताळता येणारे कागद छापील स्वरूपात मागूच नयेत आणि तपासणी कोणी, किती वाजता केली त्याची नोंद पोर्टलवर ठेवावी, अशी तरतूद आहे. म्हणजे 'मोबाइलमधलं चालत नाही' हे वाक्य कायद्याने निकालात काढून इतकी वर्षे झाली. चौकात मात्र ते अजून जिवंत आहे. एखादा कागद जवळ नसेल तर तो पंधरा दिवसांत सादर करण्याची मुभाही याच नियमात आहे.

चावीचे काय? या कायद्यात पोलिसाला गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार देणारे कलम नाही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण तो ठरावीक कारणांसाठी : लायसन नसताना किंवा वय कमी असताना गाडी चालवणे, नोंदणी नसणे, परवाना नसणे. लायसन जप्त करायचे झाले तर कलम २०६ नुसार त्याची पोचपावती द्यावी लागते. तडजोडीची रक्कम जागेवर घेण्याचा अधिकार कलम २०० नुसार शासनाने अधिसूचनेद्वारे नेमलेल्या अधिकाऱ्यालाच आहे आणि ती रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते. पावतीशिवाय घेतलेला पैसा तिजोरीत जात नाही, मग तो कुठे जातो ते सांगण्याची गरज नाही. दंड मान्य नसेल तर जागेवर न भरता न्यायालयात आपले म्हणणे मांडण्याचा मार्ग खुला आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यासाठी नियम १६७-अ आहे. तो २०२१ साली आला. त्यानुसार यंत्रणेला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे.

दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत कायदा कडक आहे आणि तो असलाच पाहिजे. पण तिथेही नागरिकाचे संरक्षण आहे. कलम २०२ नुसार अशा गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून दिले पाहिजे. आता या कलमाला मे २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर प्रकरणाशेजारी ठेवून पाहा. श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. सरकारी रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. घटनेची माहिती वरिष्ठांना वेळेत न दिल्याबद्दल दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले. तिकडे दोन जीव गेल्यावरही यंत्रणा इतकी नम्र आणि इकडे बारा दिवसांच्या पीयूसीसाठी इतकी मग्रूर! कायदा एकच आहे. तो वापरणारा हात समोरच्या माणसाचे वजन पाहून हलका किंवा जड होतो.

आणखी एक गोष्ट २०१९ च्या दुरुस्तीत आली आहे आणि तिचा गवगवा कोणी करत नाही. कलम २१०-ब म्हणते की या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. म्हणजे विनाहेल्मेट मोटारसायकलवरून येऊन दुसऱ्याला हेल्मेटची पावती देणारा पोलिस दुप्पट दंडास पात्र आहे. दंड वाढवणाऱ्या त्या दुरुस्तीची चर्चा वर्षभर चालली. दुप्पट दंडाचे हे कलम मात्र चौकातल्या फलकावर मला अजून कुठे दिसले नाही.

आता त्या धमकीकडे येऊ : 'सरकारी कामात अडथळा'. पूर्वी हे भारतीय दंड विधानाचे कलम ३५३ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ झाले. शासकीय सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर, हा त्या कलमाचा गाभा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. प्रश्न विचारणे म्हणजे हल्ला नव्हे. "साहेब, पावती द्या," असे म्हणणे म्हणजे बळाचा वापर नव्हे. "आपले नाव काय?" हे विचारणे तर मुळीच नव्हे, कारण नावाची पट्टी छातीवर स्पष्ट दिसली पाहिजे ही अपेक्षा डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिली. अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसांसाठी जी अकरा मार्गदर्शक तत्त्वे त्या निकालात आहेत, त्यातले हे पहिलेच आहे. पण हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत भरतीचे वय निघून जाते. चारित्र्य पडताळणीच्या अर्जावर 'गुन्हा दाखल आहे' एवढे लिहिले की पोराचे पाच वर्षांचे धावणे मातीत जाते. हवालदाराला हे नेमके ठाऊक असते. म्हणून त्याला काठी उचलावी लागत नाही, तो नुसता कलमाचा आकडा उच्चारतो. संपन्न घरातल्या पोराला या आकड्याचे भय नाही, कारण त्याला सरकारी नोकरीची गरज नाही. आपल्या पोरासमोर दुसरा दरवाजाच नाही, म्हणून या दरवाजाची कडी ज्याच्या हातात आहे तो आपल्याला वाकवू शकतो. पाचशे रुपयांच्या त्या व्यवहारात खरी किंमत ही आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने तर पोलिसांना आणखी एक अधिकार दिला आहे. पोलिसांची कायदेशीर सूचना न पाळणाऱ्याला ते ताब्यात घेऊ शकतात आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडू शकतात. त्यातला 'कायदेशीर' हा शब्द आपण घट्ट धरून ठेवला पाहिजे, कारण चौकात तोच सगळ्यात आधी गळून पडतो.

आणि आडनाव? लायसनवर नाव असते, पत्ता असतो. ते वाचण्याचा पोलिसाला अधिकार आहे. पण त्या नावावरून जात हुंगण्याचा, वस्तीच्या नावावरून माणूस गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांना जन्मानेच चोर ठरवले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर पहाटे धाड घालण्याची सवय रद्द झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. बहात्तर वर्षांनंतरही बजावावे लागते याचा अर्थ काय? कायदा बदलला तरी बॅटरीच्या उजेडात चेहरा न्याहाळणारी नजर तीच राहिली.

चौकात, चार लोकांसमक्ष पोलिसाने जातीवरून शिवी दिली, अपमान केला, तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ च्या कलम ३(१)(र) आणि (स) खालचा गुन्हा होतो. 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा' ही अट असते आणि चौकापेक्षा अधिक उघडी जागा कोणती? आरोपी शासकीय सेवक असेल तर कलम ३(२)(सात) नुसार शिक्षा किमान एक वर्षाची. आणि तक्रार घेऊन गेल्यावर ठाण्यातल्या बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या अधिकाऱ्याने ती जाणूनबुजून नोंदवली नाही, तर कलम ४ त्याच्यासाठी आहे : सहा महिने ते एक वर्ष कैद. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे कायदे कोणाच्या मेहेरबानीने आलेले नाहीत. गावोगावच्या आपल्या माणसांच्या रक्ताने त्यांतले एकेक कलम लिहिले गेले आहे.

कोणी म्हणेल, पाचशे रुपयांच्या गोष्टीचे एवढे काय घेऊन बसलात? त्यांना परभणीची आठवण करून द्यावीशी वाटते. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला आणि मग धरपकड सुरू झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. हृदयविकार, असे आधी सांगितले गेले. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही त्याला दाद मिळाली नाही. एका आईला मुलाच्या मृत्यूचा नुसता गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सात महिने लढावे लागले! चौकातली मुजोरी आणि कोठडीतला मृत्यू या एकच गोष्ट नाहीत, हे मलाही कळते. पण सवय एकच आहे. चौकात पावतीशिवाय पैसे घेतले तरी कोणी विचारत नाही हे ज्या यंत्रणेला कळते, तिला कोठडीतही कोणी विचारणार नाही असे वाटू लागते. जाब विचारण्याची सुरुवात चौकातच झाली पाहिजे.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. घटना समितीत जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस'ची तरतूद वगळली गेली, तेव्हा विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा माणसाला तुरुंगात टाकू शकेल अशी भीती निर्माण झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी स्वतः अनुच्छेद १५-अ मांडला आणि त्या उणिवेची ही भरपाई आहे असे सांगितले. तोच आजचा अनुच्छेद २२. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. ठाण्यात 'नुसते चौकशीला' रात्रभर बसवून ठेवलेल्या प्रत्येक माणसाचा प्रश्न त्या अनुच्छेदात आहे.

एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला बीएमडब्ल्यू गाडीखाली एका महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणातल्या धनवान आरोपीने अटकेची कारणे लेखी मिळाली नाहीत, असा आक्षेप घेतला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. लगेच शक्य नसेल तर कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. धनिकाच्या वकिलाने उघडलेले हे दार वडाराच्या, पारध्याच्या, मातंगाच्या आणि बौद्धाच्या पोरालाही खुले आहे. प्रश्न एवढाच की ते खुले असल्याचे त्याला सांगणार कोण?

आता तक्रारीचे मार्ग. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ साली पोलिस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलिस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. खाली मात्र जिल्ह्याऐवजी विभाग धरला. म्हणजे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या गरिबाला आणखी एक एसटीचे तिकीट. तरी कोठडीतील मृत्यू, नियमबाह्य अटक, भ्रष्टाचार, खंडणी या तक्रारी तिथे करता येतात. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक पोलिस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बंधनकारक झाले आणि ते चित्रण अठरा महिने जपायचे आहे. ठाण्यात नेले असेल तर हे चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच आठवड्यात लेखी करावी. मोबाइलवर चित्रण केले म्हणून सरकारी गुपिते कायदा लावण्याचा प्रकारही झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली पोलिस ठाणे हे त्या कायद्याखालचे प्रतिबंधित ठिकाण नाही, असे स्पष्ट केले. जिथे ठाणे प्रतिबंधित नाही तिथे उघडा चौक कसा असेल? मात्र चित्रण अंतर राखून, शांतपणे, कामात आडवे न येता करावे.

आणि लाच. इथे मला माझीच कबुली द्यायची आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. लाच द्यायला भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांच्या आत तशी माहिती यंत्रणेला दिली, तरच तो सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक मला पाठ होता. सात दिवस गेले. मी फोन लावला नाही. पोराच्या भरतीची काळजी, हे कारण मी स्वतःला दिले. ते खरेही होते. पण ते संपूर्ण खरे नव्हते. मला भीतीही वाटली होती. ज्या भीतीवर मी भाषणे करतो तीच भीती माझ्या घरात, माझ्याच फोनमधून बोलली. "दे आणि ये घरी" हा सल्ला आपल्या कितीतरी घरांतून रोज रात्री दिला जात असेल आणि त्या सल्ल्यावरच ही सगळी दुकानदारी चालली आहे.

एकट्या माणसाने चौकात भांडावे असे मी म्हणणार नाही. एकटा माणूस चिरडला जातो. पण आपण एकटे आहोत का? गावोगावी विहारे आहेत, रविवारी वंदना होते, पौर्णिमेला कार्यक्रम होतात. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर कायद्याचा वर्ग का घेऊ नये? आपल्या समाजात आता वकील काही कमी नाहीत. प्रत्येक तालुक्यात दोन वकिलांनी रात्री फोन उचलण्याची जबाबदारी घेतली तर पोराने मामाला फोन लावायची वेळ येणार नाही. तक्रारीचा एक साधा मसुदा छापून ठेवावा. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, पोलिसाचे नाव किंवा बिल्ला क्रमांक, साक्षीदार आणि घडलेली गोष्ट असावी. एक प्रत पोलिस अधीक्षकांना, एक तक्रार प्राधिकरणाला आणि एक विहाराच्या दप्तरात. वर्षाअखेरीस ते दप्तर उघडले तर कोणत्या चौकात काय चालते ते आपोआप दिसेल. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्या चौकातल्या नाकाबंद्या आणि फाडलेल्या पावत्या यांचा हिशेब मागता येईल. आणि याच वर्गात पोरांना हेही सांगावे की लायसन काढा, विमा भरा, पीयूसी वेळेवर करा, दारूच्या थेंबाला शिवून गाडीवर बसू नका. ज्याचे कागद चोख त्याचा आवाज ठणठणीत निघतो.

आपली पोरे पोलिसात भरती झालीच पाहिजेत. माझा भाचाही झाला पाहिजे. पण उद्या तो गणवेश घालून त्याच चौकात उभा राहील, तेव्हा समोरच्या पोराला आडनाव विचारणार की लायसन? त्याचे उत्तर तो आज आपल्याकडून काय शिकतो यावर ठरणार आहे. "दे आणि ये घरी" एवढेच आपण त्याला शिकवले असेल, तर उद्या घेणारा हात त्याचा असेल.

मागच्या रविवारी मी आमच्या वस्तीतल्या विहारात पहिला वर्ग घेतला. अकरा पोरे आली. माझा भाचा शेवटच्या रांगेत बसला होता. सुरुवात मी त्या रात्रीच्या पाचशे रुपयांपासून केली, माझ्या फोनवरच्या सल्ल्यासकट. त्याने वर पाहिले नाही. पण वही उघडली आणि कलम १३० लिहून घेतले. त्याच्या गाडीचे मडगार्ड अजून कोरेच आहे. ते मी त्याला विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. ते पुन्हा लावण्याइतका निर्भय रस्ता त्याला मिळवून देणे, हे काम माझे आणि तुमचे आहे.

जयभीम!